सेवाकार्य, कर्मचाऱ्यांचे सणासुदीचे (मराठवाडा)

एकाच कारखान्यात, कार्यालयात, बँकेच्या शाखेत, शाळेत किंवा एसटी आगारात काम करणाऱ्यांनी सणाच्या अथवा सुट्टीच्या दिवसांत एकत्र येऊन गरजूंसाठी वर्गणी, वस्तू, श्रम किंवा वेळ देण्याचा प्रघात. मंदिर-दर्ग्यांतील अन्नदान, गणेश मंडळांचे उपक्रम आणि कंपनीने संचालक मंडळाच्या ठरावाने दिलेली देणगी येथे अभिप्रेत नाही. व्यवहारात मात्र या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हा प्रघात दिसतो. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) तो अधिक संघटित आहे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या इतर गावी तो मुख्यतः शिक्षक, महसूल कर्मचारी, महावितरण आणि बँकांतील नोकरवर्ग यांच्या पुढाकाराने चालतो.

प्रघाताचे बाह्य रूप सर्वपरिचित आहे. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी फराळाची पाकिटे, उटणे, पणत्या, साड्या किंवा किराणा घेऊन एखाद्या वस्तीवर, बालगृहात वा वृद्धाश्रमात जायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. फराळ घरोघरी करून आणण्याऐवजी बचतगटाकडून विकत घेण्याकडे कल वाढला आहे. शासकीय रुग्णालयांत, विशेषतः ‘घाटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात व अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणे हा त्याचाच एक प्रकार होय. सुट्टीच्या काळात रक्तपेढ्यांतील साठा घटतो, म्हणून रक्तदान शिबिरेही याच दिवसांत भरवली जातात.

उगम व कालनिर्णय : हा प्रघात मराठवाड्यात केव्हा रूढ झाला, याबद्दल तीन प्रकारची मांडणी केली जाते.

पहिली मांडणी त्याचे मूळ संतपरंपरेतील अन्नदानात शोधते. पैठणच्या एकनाथांनी (सु. १५३३–१५९९) श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाढल्याची कथा आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर हे तिचे नेहमीचे दाखले. परंपरा म्हणून ते खरे असले, तरी त्यांतील दाता घर, फड (वारकऱ्यांचा समुदाय) किंवा पंथ म्हणून देतो, सहकारी म्हणून नव्हे. पगारदार माणसांचा गट जमण्यासाठी मुळात पगारदार वर्ग असावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या या शेतीप्रधान प्रदेशात असा वर्ग फारच लहान होता. त्यामुळे या मांडणीने भावना उलगडते, प्रघाताचे वय ठरत नाही.

दुसरी मांडणी हा सारा प्रकार मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वावर खर्च करणे भाग पाडणाऱ्या २०१३ च्या कंपनी कायद्यानंतरचा मानते. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत त्याचे लिखित पुरावे याच काळापासून विपुल मिळतात. पण लेखी नोंद सापडते तेथूनच गोष्ट सुरू झाली असे समजणे धोक्याचे आहे. शिक्षक संघटना किंवा आगारातील वाहक-चालक अहवाल छापत नाहीत.

तिसरी मांडणी किल्लारीच्या भूकंपाकडे बोट दाखवते, आणि ती अधिक ग्राह्य वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे पूर्णतः उद्ध्वस्त झाली. दिवाळी अवघ्या दीड महिन्यावर होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीस नेले, हे त्या वर्षीच्या मदतकार्यातील सर्वज्ञात उदाहरण. औसा, उमरगा, लोहारा या भागांत तेव्हा मदत घेऊन आलेल्यांत कारखान्यांचे व कार्यालयांचे गटही होते आणि सणासाठी राखलेला पैसा आपद्ग्रस्तांकडे वळवण्याची कल्पना त्या दिवाळीने रुजवली, असे मानण्यास जागा आहे. १९७२ च्या दुष्काळाचा दाखलाही काही वेळा दिला जातो. तेव्हाची मदत प्रामुख्याने सरकारी कामे व सुकडीचे (पौष्टिक कोरड्या आहाराचे) वाटप या स्वरूपाची होती, म्हणून तो येथे फारसा उपयोगी पडत नाही. एकूण पाहता प्रघाताचा आरंभ १९९० नंतरच्या दशकात धरावा, त्याला मोठा विस्तार २०१४ नंतर मिळाला असे म्हणावे. याहून बारीक कालनिर्णय संभवत नाही.

सणांपैकी दिवाळीच का, याचे कारण धार्मिक असण्यापेक्षा आर्थिक असावे. किमान ८.३३ टक्के बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत देण्याचे बंधन १९६५ च्या बोनस कायद्याने घातले. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या आस्थापनांसाठी ही मुदत नोव्हेंबरअखेर येते आणि दिवाळी त्याच्या थोडी आधी असते. सरकारी व निमसरकारी नोकरांच्या हाती उत्सव अग्रिम किंवा सानुग्रह अनुदानही याच सुमारास पडते. वर्गणीची वही याच आठवड्यात फिरते ती यामुळे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग ते नाताळ या काळात कार्यालयीन गट अन्नवाटपास बाहेर पडतात, तो प्रघात वेगळ्या समाजस्थितीतून आला. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वाळूज-शेंद्र्यातील शाखांनी त्यातील काही पद्धती उचलल्या, एवढाच त्याचा येथे संबंध. २ ते ८ ऑक्टोबर या काळात होणारा ‘दानउत्सव’ (२००९ पासून) शहरी आस्थापनांपुरता राहिला आहे.

कायदेशीर बाजू : कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मागील आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपये निव्वळ मत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला लगतच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर (सीएसआर) खर्च करावी लागते. या खर्चास ग्राह्य कामांची यादी असलेल्या सातव्या अनुसूचीत भूक व कुपोषण निर्मूलन आरंभापासून आहे. आपत्ती व्यवस्थापनाची भर २०१९ मध्ये पडली.

या चौकटीत कर्मचाऱ्याच्या श्रमाची किंमत धरायची की नाही, हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा ठरला. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकानुसार, स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन त्यांनी त्या कामाला दिलेल्या तासांच्या प्रमाणात प्रकल्पखर्चात धरता येत होते. म्हणजे पाळी सोडून वस्तीवर गेलेल्या कामगाराचे तास कंपनीच्या खात्यावर जमा. जानेवारी २०१६ च्या खुलाशाने दिशा बदलली. कर्मचाऱ्यांना अशा कामांत सहभागी करून घेण्यास उत्तेजन द्यावे, पण त्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशांत रूपांतर करून ते खर्चात दाखवू नये, असे त्यात म्हटले होते. २५ ऑगस्ट २०२१ च्या एकत्रित खुलाशाने आधीची परिपत्रके मागे पडली. वस्तुरूप योगदानाची किंमत लावून ती खर्च म्हणून दाखवता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. आता कर्मचाऱ्याने दिलेला रविवार हा कायद्याच्या दृष्टीने त्याचाच राहतो. हा बदल योग्य दिशेने झाला असे म्हणता येईल; कामगाराच्या सुट्टीवर मालकाने हक्क सांगण्याची सोय त्याने काढून घेतली. फराळवाटप नियमितपणे, प्रकल्प म्हणून न करता वर्षातून एकदाच केले, तर तेही या खर्चात बसणे कठीण. एकवेळच्या कार्यक्रमांचा खर्च ग्राह्य नसल्याचे २०१४ च्या परिपत्रकातच नमूद होते.

‘एक दिवसाचे वेतन’ या रूढ पद्धतीतही असाच एक पेच आहे. शासकीय कर्मचाऱ्यांचे असे वेतन सहसा मुख्यमंत्री साहाय्यता निधीत जमा होते. कंपनीने मात्र त्याच निधीला दिलेली रक्कम सामाजिक दायित्वाचा खर्च म्हणून धरली जात नाही (एप्रिल २०२० चा खुलासा). पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीला दिलेली धरली जाते. एकाच फाटकातून बाहेर पडणारी मदत दोन वेगळ्या वाटांनी जाते, ती यामुळे.

सण आणि गरज : देणाऱ्याचे पंचांग व घेणाऱ्याचे पंचांग मराठवाड्यात जुळत नाही. बीड जिल्ह्यातील आणि लगतच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. गाळप लवकर सुरू झाले की त्यांची दिवाळी उसाच्या फडातल्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) होते. त्यामुळे पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर अशा तालुक्यांत फराळ घेऊन गेलेल्या गटांना गावात भेटतात ती म्हातारी माणसे आणि हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुले. ज्यांच्या नावाने वर्गणी काढली ती जोडपी तेव्हा शेकडो किलोमीटर दूर असतात. काही गटांनी म्हणून दिवाळीऐवजी पाडव्याचा किंवा जूनमधील शाळा उघडण्याचा मुहूर्त धरला. वह्या, दप्तर, गणवेश यांची निकड तेव्हाच खरी असते. तरीही बहुसंख्य गट दिवाळीच धरून आहेत. बालगृहांत एकाच आठवड्यात लाडू-चिवड्याचे डबे साठतात आणि पौष-माघात डाळ-तेल विकत आणावे लागते.

शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत हा विसंवाद कमी आहे. सोयाबीन विकून झालेले असते, देणी भागत नाहीत आणि घरात सण करायचा नसतो; पहिल्या वर्षीच्या दिवाळीला माणसे येऊन बसणे यालाच त्या घरी किंमत असते. विभागीय आयुक्तालयाच्या ‘उभारी’ उपक्रमात महसुली अधिकाऱ्यांनी अशा घरी प्रत्यक्ष जाण्यावर भर होता. त्याला सेवाकार्य म्हणावे की शासकीय काम, हा मुद्दा सोडवण्याची येथे गरज नाही.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने व सीना नदीच्या पुराने धाराशिवमधील परंडा-भूम भागासह विभागातील अनेक तालुक्यांत पिके, जनावरे व घरसामान वाहून गेले. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. बोनसचा महिना आणि गरजेचा महिना त्या वर्षी एकत्र आले, १९९३ प्रमाणेच.

श्रमदान : सुट्टीच्या दिवशी पैशाऐवजी अंगमेहनत देण्याचे रूप पाणलोटाच्या कामांत ठळक झाले. पाणी फाउंडेशन या संस्थेने गावांसाठी घेतलेल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१६ च्या पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांपैकी अंबाजोगाई हा एक होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या व कामगार दिनाच्या सुट्टीला, ‘महाश्रमदान’ होऊ लागले आणि ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवलेली शहरी माणसे, त्यांत कंपन्यांचे गटही, टिकाव-फावडे घेऊन गावांत येऊ लागली. कार्यालयीन गटाने तासाभरात खोदलेला समतल चर गावकऱ्यांच्या मापात कितपत बसतो, हा प्रश्न विनोदाने विचारला जातो. पण मे महिन्यातल्या मराठवाड्यात सकाळी नऊनंतर खोदकाम करून पाहिलेला माणूस पाण्याचे बिल वेगळ्या नजरेने वाचतो, हेही खरे.

इतर सण : रमजानमध्ये शिधावाटप व ईदच्या आधी शीरखुर्म्याचे साहित्य देणे छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड येथे चालते. १४ एप्रिल व ६ डिसेंबरला फुले-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ जमा करण्याचे आवाहन कर्मचारी संघटनांनी उचलून धरले. गजानन महाराजांच्या पालखीच्या वाटेवर आणि कोजागरीला तुळजापूरकडे जाणाऱ्या पायी भाविकांसाठी चहा-पाणी व औषधोपचाराची सोय केली जाते.

आक्षेप : वर्गणी ऐच्छिक असल्याचे सांगितले जात असले, तरी साहेबाने वही पुढे केली की नकार देणे कंत्राटी कामगाराला जड जाते. स्त्री कर्मचाऱ्यांवर फराळ करण्याचे काम न विचारता पडते, हा दुसरा आक्षेप.

छायाचित्रांचा प्रश्न केवळ सभ्यतेचा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. एचआयव्हीबाधितांच्या स्थितीबद्दलची गोपनीयता २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने (१० सप्टेंबर २०१८ पासून लागू) बंधनकारक केली. बीडजवळील पाली आणि औसा तालुक्यातील हासेगाव येथे एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी चालणाऱ्या संस्थांना दिवाळीत भेट देणारे गट पुष्कळ असतात. संस्थेच्या नावाच्या फलकाखाली मुलांना उभे करून काढलेला फोटो कंपनीच्या समूहावर टाकला, तर या दोन्ही कायद्यांचा भंग एकाच वेळी होऊ शकतो.