रात्री खोलीतील रोपे ऑक्सिजन संपवतात का?

‘रात्री झोपण्याच्या खोलीत रोपे ठेवू नयेत, ती ऑक्सिजन शोषून घेतात आणि माणूस गुदमरतो,’ असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. त्यातील ऑक्सिजन घेण्याचा भाग खरा असल्यामुळे पुढचाही पटतो. वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात. प्रकाशसंश्लेषणाला मात्र प्रकाश लागतो, म्हणून अंधारात त्या ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात.

प्रश्न प्रमाणाचा आहे. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर, म्हणजे 8 तासांत साधारण 120 लिटर ऑक्सिजन वापरतो. 30 घनमीटरच्या खोलीत 30,000 लिटर हवा असते आणि तिच्यातील सुमारे 21 टक्के, म्हणजे 6,300 लिटर, ऑक्सिजन असतो. कुंडीतील रोपाचे श्वसन माणसाच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. शिवाय दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलत राहते, ते वेगळेच. शेजारी झोपलेला माणूस रोपापेक्षा कितीतरी अधिक ऑक्सिजन वापरतो, पण त्याला कोणी खोलीबाहेर काढत नाही.

काही रोपे रात्री ऑक्सिजन देतात, हा उलट दावाही तितकाच अपुरा आहे. निवडुंगासारख्या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात; ऑक्सिजन मात्र त्यांच्यातही प्रकाशातच तयार होतो.

पडताळणीसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे यंत्र पुरते. बंद खोलीत एका रात्री केवळ रोपे ठेवावीत, दुसऱ्या रात्री रोपांविना केवळ माणूस झोपावा आणि दोन्ही सकाळच्या नोंदी ताडून पाहाव्यात.