केमोथेरपी : आधी दुष्परिणाम, मग औषध

केमोथेरपी चालू असलेल्या घरात ‘काउंट उतरला’ हे शब्द धास्तीनेच उच्चारले जातात; परंतु इतिहास पाहता पांढऱ्या पेशींची ही घसरण आधी लक्षात आली आणि औषध तिच्यातून निघाले. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूला बळी पडलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, अशी नोंद १९१९ मध्येच झाली होती. जो वायू निरोगी लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) मारतो, तो त्यांचा कर्करोगही आवरेल का, हा प्रश्न अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या औषधशास्त्रज्ञांनी विचारला. ऑगस्ट १९४२ मध्ये लसिकापेशींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाला मस्टर्ड वायूच्याच जातकुळीतले नायट्रोजन मस्टर्ड टोचण्यात आले. गाठी झपाट्याने विरल्या, पण परतल्याही. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे निष्कर्ष १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाले नाहीत.

दुसरा धागा मुंबईतून निघतो, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्यातील उपयुक्त घटक म्हणजे फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व; फोलिक ॲसिड हे त्याचेच एक रूप. पुढे बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाची मुले फोलिक ॲसिडने अधिकच खालावताना दिसली, तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालेले फोलेटविरोधी अमिनोप्टेरिन त्यांनी सोळा मुलांना दिले. दहांना तात्पुरता उतार पडल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमिनोप्टेरिनचाच भाऊबंद असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. डीएनए घडवण्यासाठी पेशीला फोलेट लागते. हे औषध त्याच्यासारखेच दिसत असल्याने फोलेट वापरात आणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवून बसते आणि विभाजनाच्या तयारीतली पेशी उपासमारीने मरते. औषधाला कर्करोग ओळखता येत नाही, विभाजनाची घाई तेवढी ओळखता येते. आणि घाई रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला असते, तशीच तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराला आणि, अनेक केमो औषधांच्या बाबतीत, केसांच्या मुळांनाही. म्हणून जंतुसंसर्ग, तोंडातले फोड, जुलाब, केसगळती. मळमळीचे कारण मात्र निराळे आहे : आतड्यातून सुटणारे सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन मेंदूतील उलटीचे केंद्र चेतवते, आणि ऑनडान्सेट्रॉन हे उलटीवरचे औषध नेमका हाच संदेश रोखते.

मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन द्यावेच लागते, नाहीतर निरोगी पेशीही वाचत नाहीत. आणि ल्युकोव्होरिन हे फोलेटचेच एक रूप आहे.