नाशिकची ऑक्टोबरमधली रात्र गार का होते?

दसरा झाला की नाशिकमध्ये रात्री पंखा एकवर येतो आणि पहाटे कुणीतरी उठून तो बंदच करतं. त्याच दिवशी दुपारी मात्र पंचवटीतून चालत जायचं तर सावली शोधावी लागते. पहाटेच्या या गारव्याला आपण सरसकट ‘उत्तरेकडून आलेली थंडी’ म्हणतो. डिसेंबर-जानेवारीत ते बरोबर असतं, तेव्हा उत्तर भारतातली गार हवा खरोखर आपल्यापर्यंत पोचते. पण ऑक्टोबरमधला बहुतेक गारवा बाहेरून येत नाही. तो रोज रात्री इथेच तयार होतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत विरून जातो. दुपारचा चटकाही त्याच कारणाने बसतो.

हे कारण म्हणजे हवेतली वाफ कमी होणं. मान्सून परतला हे हवामान खातं फक्त पाऊस थांबला म्हणून जाहीर करत नाही. सलग पाच दिवस पाऊस नको, दीडेक किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत वाऱ्याचं चक्र उलटं फिरायला लागलेलं हवं, आणि हवेतलं बाष्प ठळकपणे घटलेलं हवं. वायव्य राजस्थानातून ही माघार साधारण 17 सप्टेंबरला सुरू होते. मुंबईची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे आणि नाशिकही त्याच सुमाराला मोकळं होतं. चार महिने अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा थांबतो, पूर्वेकडून आणि ईशान्येकडून जमिनीवरची कोरडी हवा येऊ लागते.

जमीन दिवसभर ऊन घेते आणि दिवसरात्र उष्णता बाहेर फेकत राहते. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे जाते. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना जवळपास अडवतच नाहीत. अडवतात ते मुख्यतः पाण्याची वाफ आणि ढग, आणि त्यातली बरीचशी उष्णता ते परत खाली पाठवतात. पावसाळ्यात नाशिकवर हे जाड पांघरूण चार महिने असतं, म्हणून जुलैची दुपार आणि पहाट यांत फार फरक जाणवत नाही. ऑक्टोबरात ते निघालं की दिवसा ऊन थेट जमिनीवर पडतं आणि रात्री जमिनीची उष्णता बिनबोभाट निघून जाते. त्यात 23 सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र समान होतात आणि मग रात्र वाढत जाते, म्हणजे उष्णता गमवायला रोज थोडा जास्त वेळ मिळतो.

हे खरं की नुसता तर्क, याची परीक्षा घ्यायला निसर्गाने आपल्याला एक फार सोयीची जोडी दिली आहे. उत्तर कोकणातलं डहाणू आणि नाशिक जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्हीकडे सूर्य सारखाच वर येतो, दिवसही सारखाच मोठा असतो. मध्ये अंतर सुमारे 110 किलोमीटर आणि वाटेत सह्याद्री. ऑक्टोबरात किनाऱ्यावर रात्रीचं तापमान साधारण 23-24 अंशांच्या खाली जात नाही, नाशिकला ते 18 च्या आसपास येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, म्हणून गार, असं कुणी म्हणेल. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशेबाने उंचीचे साधारण चार अंश होतात. पण फरक उंचीमुळेच असता तर तो दुपारीही तेवढाच दिसायला हवा होता. दुपारी दोन्हीकडचा पारा 32 च्या आसपासच असतो! किनाऱ्यावर समुद्राची ओलसर हवा रात्री उष्णता धरून ठेवते आणि दुपारी खारा वारा पारा चढू देत नाही. नाशिकला हे दोन्ही लगाम नाहीत, त्यामुळे एकाच दिवसात 14 अंशांचा चढउतार होतो. कसारा घाट चढून इगतपुरीला पोचताना गाडीच्या खिडकीतून जो बदल जाणवतो, त्यात उंचीइतकाच वाटा या कोरडेपणाचा आहे.

जमिनीलगतची हवा आधी गार होते, आणि गार हवा जड असते. वारा पडलेला असेल तर ती उतारावरून सखल भागात साचते. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला निफाडचा मोकळा पट्टा दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकांच्या बातम्यांत असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. संध्याकाळी शेतात पाचट पेटवली तर धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो. वरची हवा खालच्यापेक्षा उबदार झालेली असते आणि धुराला तिच्यातून वर जाता येत नाही.

आता दव. हवा कोरडी झाली म्हणतो, मग पहाटे गाडीची टप ओलीचिंब कशी? कारण आकाशाकडे उघडी असलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होते. तिला लागलेली हवा त्या तापमानाला आपली वाफ धरून ठेवू शकत नाही आणि पाणी जमतं. लिंबाच्या झाडाखाली लावलेली गाडी मात्र कोरडी राहते, कारण तिच्यावर आकाशाऐवजी फांद्या असतात आणि त्या उष्णता परत पाठवतात. विल्यम वेल्स या डॉक्टरने लंडनजवळ लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके उघड्यावर आणि फळीखाली ठेवून सकाळी तोलले. उघड्यावरच्या लोकरीत कितीतरी जास्त पाणी भरलेलं होतं. दव आकाशातून पडतं ही जुनी समजूत 1814 साली छापलेल्या त्याच्या या प्रयोगांनी मोडीत निघाली.

नाशिकमध्ये हा प्रश्न कोजागिरीच्या गच्चीपुरता राहत नाही. ऑक्टोबर हा द्राक्षाच्या गोडी छाटणीचा, म्हणजे घड येण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीचा महिना आहे. छाटणीनंतर डोळे फुटतात, पोंगे उघडतात, कोवळी पानं आणि घड दिसू लागतात. नेमक्या याच वेळी डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची बुरशी टपून असते. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत जातात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. वरून तेलकट पिवळा डाग दिसतो, पान उलटलं की खाली पांढरी कापसासारखी बुरशी. म्हणून बागायतदाराला पाऊस किती मिलिमीटर झाला याइतकंच पान किती तास ओलं राहिलं हेही महत्त्वाचं असतं. कोरड्या हवेत सकाळचं ऊन पडताच दव उडून जातं. ढग राहिले तर दुपारपर्यंत पान वाळत नाही.

आणि ढग परत येतात. मान्सूननंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातला चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. 2019 च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ आलं. वादळं समुद्रातच फिरली, पण त्या दिवसांतल्या अवकाळी पावसाने ऐन फुटीत आणि फुलोऱ्यात असलेल्या बागा झोडपल्या, घड कुजले. त्या वर्षीचं नुकसान अजूनही बोलण्यात निघतं, आणि निघायलाच हवं.

बागेत असाल किंवा नुसती गच्चीवर झोपायची तयारी करत असाल, हवामानाच्या ॲपवर आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. टक्केवारी तापमानाबरोबर खालीवर होते. तीच हवा दुपारी 40 टक्के दाखवते आणि पहाटे 85. दवबिंदू मात्र हवेत खरी वाफ किती आहे ते सांगतो. संध्याकाळी सातला तो 16 असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटेचा पारा बहुधा 16 च्या आसपास येऊन अडखळेल. कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते. तोच दवबिंदू 10 असेल तर दव कमी आणि पहाट जास्त गार.