समुपदेशनाची कसोटी : गोव्यातील नैराश्यसंशोधनाची पार्श्वभूमी

नैराश्य आणि चिंताविकार यांवरचे उपचार गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातच मिळावेत, हा विचार भारतात नवा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने सकलवाडा येथे आणि चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे १९७० च्या दशकातच मानसोपचार खेड्यांपर्यंत नेण्याचे प्रयोग केले होते. त्यांच्या आधारे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला आणि कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात तो प्रायोगिक स्वरूपात राबवून पाहिल्यानंतर १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. मात्र या प्रयत्नांचा भर तीव्र मनोविकार आणि औषधे यांवरच राहिला. बोलण्यातून होणारे उपचार कोणी आणि कसे द्यायचे, या प्रश्नावरचे मोठे काम पुढे गोव्यात झाले.

त्याच १९९६ साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. त्यापूर्वी पटेल यांनी झिंबाब्वेमध्ये संशोधन केले होते. तेथील शोना भाषेत नैराश्यासारख्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, असे म्हणतात. गोव्यातील रुग्णही ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत येत नसत. अशक्तपणा, अंगदुखी आणि झोप न लागणे या त्यांच्या तक्रारी असत, आणि फार तर ‘टेन्शन’ हा शब्द उच्चारला जाई. त्यामुळे आजार ओळखायचा कसा, येथूनच कामाला सुरुवात करावी लागली.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० प्रौढांचे तीन गट करून एकाला नैराश्यविरोधी औषध, दुसऱ्याला मानसशास्त्रीय उपचार आणि तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोन महिन्यांनी औषधाचा गुण दिसला. मानसशास्त्रीय उपचार मात्र निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे, कारण समुपदेशनाचा हेतू कितीही चांगला असला तरी उपचार म्हणून त्याची पारख औषधाइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे, हे त्याने दाखवून दिले.

२०१० मध्ये ‘मानस’ या चाचणीचे निष्कर्ष आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रे, १२ खासगी दवाखाने आणि सुमारे २,८०० रुग्ण एवढा तिचा विस्तार होता. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण खास प्रशिक्षण दिलेले समुपदेशक डॉक्टरांच्या जोडीने काम करत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीत ६५.९ टक्के, तर नेहमीच्या सेवेत ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही.

त्यानंतरच्या चाचणीसाठी कोकणी, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे, १८ ते ६५ वयोगटातील आणि तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेले ४९५ रुग्ण १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून निवडले गेले. उपचाराचे सूत्र साधे होते. नैराश्यात माणूस कामे, भेटीगाठी आणि आवडीच्या गोष्टी सोडत जातो, आणि त्या सुटल्यामुळे खिन्नता आणखी वाढते. म्हणून समुपदेशकाने रुग्णासोबत बसून झेपतील अशी छोटी कामे ठरवायची आणि सहा ते आठ भेटींत ती पुन्हा दिनक्रमात आणायची. समुपदेशक भेटींचे ध्वनिमुद्रण एकमेकांना ऐकवून त्यांचा दर्जा तपासत. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के, तर तुलनेच्या गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्याच्या कक्षेबाहेर आले होते.

विदर्भात, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, याच धर्तीवर गावपातळीवरील कार्यकर्ते नेमले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही वाढ सहापट असली, तरी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण उपचारांविनाच राहिले, हे नजरेआड करता येत नाही.

प्रौढांसाठी घडवलेली पद्धत किशोरवयीनांना जशीच्या तशी लावता येत नाही. अभ्यास, घरातील भांडणे, मैत्रीतील दुरावा असे त्यांचे त्रास अनेकदा कोणत्याही निदानाच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणून दिल्लीतील सहा सरकारी शाळांत २५० विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत समस्या सोडवण्याचे कौशल्य शिकवण्यावर भर होता. एका गटाला समुपदेशक भेटत, तर दुसऱ्याला केवळ छापील पुस्तिका मिळत. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सहा आठवड्यांनी समुपदेशक लाभलेल्या मुलांना आपल्या समस्यांची झळ अधिक कमी झालेली जाणवली, परंतु मानसिक लक्षणांच्या मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.