बीअर १.०२४ वर अडकली, आता बघायचं काय?

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेनवाला भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत मिलवॉकीला असतो, तिकडं १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बीअर घरी बनवता येते. आपल्या महाराष्ट्रात लायसन्सशिवाय तसं करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "मामाजी, सहा दिवस झाले, ग्रॅव्हिटी १.०२४ वर आहे, खाली उतरूनच नाही राहिली." सुरुवात १.०५२ ची होती, उतरायला पाहिजे होती १.०१३ च्या आसपास.

ग्रॅव्हिटी म्हणजे काय ते आपल्या गावात दूध घालणाऱ्या कोणालाही कळेल. डेअरीवर लॅक्टोमीटर दुधात सोडतात, चांगलं दूध असलं की तो २८ ते ३२ दाखवतो, म्हणजेच १.०२८ ते १.०३२, आणि पाणी घातलं की जास्त बुडतो. बीअरचा हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, पाण्यात (त्याला वॉर्ट म्हणतात) साखर विरघळलेली असते म्हणून ते जड, मग यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल बनवते, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून नळी हळूहळू खाली जाते. १.०२४ वर थांबली म्हणजे आत अजून बरंच काही विरघळलेलं आहे. पण ते जे काही उरलंय ते यीस्टला खाता येण्यासारखं आहे की नाही, सगळा प्रश्न तिथंच आहे, आणि लोक हे न बघताच नवीन यीस्ट ओतून मोकळे होतात.

मी म्हटलं आधी मोजलं कशानं ते सांग. रिफ्रॅक्टोमीटरनं मोजलं असेल तर तो आकडा धरायचा नाही, कारण तो प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि अल्कोहोलमुळं फसतो, खरी ग्रॅव्हिटी १.०१० असली तरी १.०२० च्या वर दाखवू शकतो. हायड्रोमीटर असेल तर २० डिग्रीच्या साध्या पाण्यात १.००० येते का बघ, आणि बीअर दोन ग्लासात वरखाली करून गॅस काढ, बुडबुडे चिकटले की नळी वर उचलली जाते. त्यानं सगळं केलं, आकडा तोच.

आणि बाटल्या भरू नको, हे मी त्याला दोनदा बजावलं. बाटलीत ०.००१ इतकी ग्रॅव्हिटी जरी उतरली तरी बीअरच्या आकारमानाच्या साधारण अर्धापट कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दहा पॉइंट, म्हणजे ०.०१०, उतरले तर पाचपट, आणि नेहमीच्या बीअरमध्ये असतो अडीचपट. काच फुटते, डोळे जातात.

आता उरलंय काय? माल्टमधला स्टार्च डोळ्यापुढं आणायचा तर शेतातली पऱ्हाटी बघा, फांदीला फांदी, तिला परत फांदी. गरम पाण्यात, म्हणजे मॅशमध्ये, दोन एन्झाइम त्याला तोडतात. बीटा अमायलेज शेंड्याकडून दोन-दोन पेरं तोडत येतं, तीच माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं, पण फांदी फुटते तिथं ते अडतं. अल्फा अमायलेज मधूनच कुठंही घाव घालतं, त्यामुळं बीटाला नवे शेंडे मिळतात. बीटाला ६० ते ६५ डिग्री मानवते, ७० च्या वर गेलं की थोड्याच वेळात निकामी होतं, अल्फा मात्र तिथंही काम करत राहतं. म्हणून पाणी जास्त गरम झालं की जाड तुकडेच जास्त उरतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, आणि ते साधी यीस्ट कितीही दिवस ठेवली तरी खात नाही. भाच्याचा थर्मामीटर जुना, त्यामुळं मला पहिला संशय इथंच आला.

संशयावर औषध द्यायचं नसते. एक सोपी टेस्ट आहे: त्यातली पाव लिटर बीअर स्वच्छ बाटलीत काढायची, झाकण सैल, भरपूर ताजी यीस्ट घालायची आणि २५ डिग्रीच्या आसपास दोन दिवस ठेवायची. ग्रॅव्हिटी हलली नाही तर खाणंच संपलं, दोष मॅशचा. उतरली तर खाणं आहे, खाणारी थकली.

दोन दिवसांनी मेसेज आला, १.०१४. माझा संशय चुकला होता.

मग विचारलं ड्रम कुठं आहे रे, तर तळघरात, आणि तिथं १३ डिग्री. एल या प्रकारच्या बीअरच्या यीस्टला १८ ते २० लागतात, थंडी पडली की ती गोळा होऊन तळाशी बसते. डिसेंबरात आपल्याकडं दही लागत नाही म्हणून आपण भांडं गोधडीत गुंडाळतो, तसंच समजा. शिवाय यीस्ट टाकताना त्यानं वॉर्ट अजिबात हलवलं नव्हतं. सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन लागतो, त्यातून ती पेशीच्या पडद्यासाठी स्टेरॉल बनवते, ते कमी पडलं की शेवटी शेवटी अल्कोहोलमध्ये तिचा दम सुटतो. पण ही कसर आता हवा घालून भरून निघत नाही, उलट बीअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

त्यानं ड्रम वर २१ डिग्रीच्या खोलीत आणला, झाकण न उघडता हलकेच घुमवला. तीन दिवसांत १.०२१, मग तिथंच थांबलं. पाकिटातली सुकी यीस्ट अशा बीअरमध्ये नुसती शिंपडली तर बिचारी लवकर मरते, अल्कोहोल भरपूर आणि सोपी साखर संपलेली. म्हणून मी त्याला ती आधी थोड्या ताज्या वॉर्टमध्ये दिवसभर जागवायला लावली आणि वर फेस चांगला चढला तेव्हा ओतायला सांगितली. टेस्टमध्ये आकडा हललाच नसता तर मी यातलं काहीच सांगितलं नसतं. ग्लुकोअमायलेज नावाचं एन्झाइम घालून डेक्स्ट्रिन तोडता येतात, पण मग ग्रॅव्हिटी १.००० च्या जवळ जाते आणि बीअर पाण्यासारखी पातळ लागते, त्यापेक्षा माझ्या मते ती थोडी गोडसर बरी.

ती यीस्ट ओतल्यावर आठव्या दिवशी १.०१५. पुढचे तीन दिवस तोच आकडा राहिला, तेव्हा मी त्याला म्हटलं, आता भर बाटल्या.