बीपीची गोळी, फिटची गोळी आणि अर्धशिशी

माझ्या धाकट्या बहिणीचं डोकं महिन्यातले सोळा-सतरा दिवस दुखायचं. न्यूरॉलॉजिस्टने रात्री झोपताना घ्यायला 10 मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन लिहून दिली. मेडिकलच्या पायरीवरच तिने मोबाइलवर नाव शोधलं आणि मला फोन लावला. "ताई, ही डिप्रेशनची गोळी आहे गं. मला वेड लागलंय असं वाटतंय का त्यांना?" पाकीट तिने उघडलंच नाही. पुढचे चार महिने दुखलं की पेनकिलर, हेच चाललं.

अशी न उघडलेली पाकिटं घरोघरी पडून आहेत. कुणाला बीपी नसताना बीपीची गोळी मिळते, कुणाला फिट येत नसताना फिटची. पेशंट घाबरतो. ही औषधं अर्धशिशीकडे कुठून आली, हे सांगायला ओपीडीच्या गर्दीत वेळ नसतो. ती हकिकत कळली असती, तर बहिणीचे चार महिने वाचले असते असं मला मनापासून वाटतं.

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' येतो: अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखणं, जे पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उलटतं. ग्रीक वैद्य गेलेन याने वापरलेल्या 'हेमिक्रेनिया' या शब्दाचा अर्थही अर्धं डोकं, आणि 'मायग्रेन' त्यातूनच झिजत आला. आपली 'अर्धशिशी' हेच सांगते. आमच्या घरी आई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, वर ओढणी करकचून बांधायची आणि खिडक्या लावून पडून राहायची. आजी पहाटे, सूर्य उगवायच्या आत, दुधात जिलेबी घालून द्यायची.

आधुनिक औषधांची सुरुवात एका बुरशीपासून झाली. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच कुळातली बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. असं धान्य खाऊन तिकडे शतकानुशतकं लोकांचे हातपाय काळे पडून झडत. या विषारी बुरशीतून 1918 मध्ये सँडोझ कंपनीच्या आर्थर स्टोल यांनी एर्गोटामिन वेगळं काढलं. रक्तवाहिन्या आवळणारं हे औषध पुढच्या दशकात अर्धशिशीवर दिलं जाऊ लागलं. पण ते उठलेलं दुखणं मोडायचं. दुखणं मुळात उठूच नये यासाठीचं पहिलं खरं औषध, मेथिसर्जाइड, त्याच घराण्यातून आलं. 1959 मध्ये इटलीच्या फेदेरिगो सिकुतेरी यांनी त्याचा उपयोग दाखवला. गुण चांगला यायचा. मात्र वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या पोटात, मूत्रवाहिन्यांभोवती घट्ट तंतुमय जाळं वाढू लागलं. मग सहा महिने औषध आणि एक महिना सुट्टी असा नियम आला, आणि हळूहळू ते मागे पडलं.

यानंतर सुरू झाली उसनवारी. प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ती बीपीची गोळी, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हृदयाच्या दुखण्यासाठी घडवलेलं औषध, ज्याच्या कामाचा वाटा त्यांच्या 1988 च्या नोबेलमध्ये होता. छातीच्या कळांवर त्याची चाचणी चालू असताना एका पेशंटची अर्धशिशीही थांबली. 1966 मध्ये ही नोंद छापून आली आणि डॉक्टरांचं लक्ष तिकडे वळलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी आली होती. डोकेदुखीसाठी ती त्याहून बरीच कमी मात्रेत लागते, आणि मन उदास नसलेल्यांनाही तिचा गुण येतो, म्हणजे ती इथे दुसरंच काम करते. फिटच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएटला अमेरिकेत अर्धशिशीसाठी 1996 मध्ये मान्यता मिळाली, टोपिरामेटला 2004 मध्ये. फ्लुनारिझिन ही आणखी एक गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, पण अमेरिकेच्या बाजारात ती नाहीच. आणि बोटॉक्स! सुरकुत्या घालवायला आलेल्या बायका डोकंही दुखायचं थांबलं असं सांगू लागल्या, तेव्हा विल्यम बाइंडर या सर्जनने ते कान देऊन ऐकलं. 2010 मध्ये अमेरिकेत जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मान्यता मिळाली: दर बारा आठवड्यांनी कपाळ, कानशिलं, मान आणि खांद्यांवर मिळून 31 ठिकाणी बारीक सुया.

उसनं असलं तरी प्रत्येक औषधाने मूळ स्वभाव सोडलेला नाही, आणि याबाबत मला गंभीरपणे सांगायचं आहे. दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येऊ शकतं, आणि अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट होते. मूल होण्याच्या वयातल्या बाईने हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारायलाच हवा.

'जुनाट' हा शब्द नंतर आला. कधीमधी येणारी अर्धशिशी हळूहळू रोजची होते, याकडे 1980 च्या दशकात ह्यूस्टनचे डॉ. निनान मॅथ्यू यांनी लक्ष वेधलं. पेनकिलरचा अतिरेक हे त्याचं एक मोठं कारण निघालं. 2004 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र जागा मिळाली. आजची व्याख्या अशी: तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्याला 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखणं आणि त्यातले किमान आठ दिवस अर्धशिशीचे. साध्या पेनकिलर महिन्यात 15 दिवस, किंवा मिश्र पेनकिलर आणि ट्रिप्टान (उठलेली अर्धशिशी मोडणाऱ्या गोळ्या) 10 दिवस घेतले, की औषधामुळेच डोकं दुखू लागण्याचा धोका. बहीण नेमकी याच फेऱ्यात होती.

आता खाण्याकडे. पेशंटच्या हातात जी 'हे खाऊ नका' यादी पडते, तिचा उगम बहुतेकांना ठाऊक नसतो. 1960 च्या दशकात नैराश्यावरची एमएओ गटातली औषधं घेणाऱ्यांना चीज खाल्ल्यावर डोकं फुटेल असा ठणका आणि भयंकर वाढलेला बीपी असा त्रास होऊ लागला. चीजमधलं टायरामिन हे द्रव्य त्याला कारण होतं. 1967 मध्ये ब्रिटनच्या एडा हॅनिंग्टन यांनी विचारलं, की मग साध्या अर्धशिशीतही टायरामिनच दोषी असेल का? प्रश्न रास्त होता, पण नंतरच्या चाचण्यांत एकसारखं उत्तर आलं नाही. यादी मात्र चिकटली आणि फुगत गेली. चीज, चॉकलेट, संत्रं, केळं, दही, शेंगदाणे. 1997 मध्ये चॉकलेटची चाचणी झाली तेव्हा चॉकलेट आणि त्याच चवीचा दुसरा पदार्थ यांत फरक आढळला नाही. अर्धशिशी सुरू होण्याच्या काही तास आधी अनेकांना गोड खावंसं वाटतं. ती इच्छा दुखण्याचीच पहिली पायरी असते, आणि दोष चॉकलेटवर जातो.

दही आणि शेंगदाणे सोडून मराठी माणसाने जेवायचं काय? ती यादी मला छळ वाटते. एखादा पदार्थ खरंच बाधतो असं नोंदींच्या वहीत तीन-चारदा दिसलं तर तो सोडावा. कधी खाल्लं, याकडे मात्र नीट पाहायला हवं. उपाशी राहणं हे पक्कं कारण आहे. ज्यूंच्या योम किप्पूरला आणि रमजानच्या पहिल्या दिवशी होणारी डोकेदुखी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहे. आपल्या एकादशी-चतुर्थीचं वेगळं काय असणार? आजीच्या पहाटेच्या जिलेबीचा गुण कदाचित एवढाच, की पोट रिकामं राहत नव्हतं. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये 94 भारतीय पेशंटांची नोंद छापली, ज्यांची अर्धशिशी डोक्यावरून अंघोळ केल्याने उठत होती. परदेशी यादीत हे कधीच नव्हतं. न्हायच्या दिवशी डोकं धरून बसणाऱ्या आपल्या बायकांना मात्र ते माहीत होतं.

आहारावरची अलीकडची भक्कम चाचणी 2021 ची, अमेरिकेतली. 182 जणांना सोळा आठवडे ठरलेला आहार दिला. मासळीतलं ओमेगा-3 वाढवून तेलातलं ओमेगा-6 कमी केलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस, नेहमीच्या आहाराच्या गटापेक्षा महिन्याला सुमारे चारने घटले.

पूरक गोळ्यांत सगळ्यात जास्त नाव झालं ते रिबोफ्लेविनचं, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचं. बेल्जियमच्या श्योनेन यांनी 1998 मध्ये 55 जणांवर चाचणी केली: रोज 400 मिलिग्रॅम, तीन महिने. 59 टक्के लोकांचा त्रास निम्म्याने तरी कमी झाला. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये याचा लहानसा अंशच असतो. मॅग्नेशियमची 600 मिलिग्रॅमची चाचणी 1996 ची. पोट बिघडणं हा त्याचा त्रास, आणि किडनीचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' म्हणणाऱ्यांनी बटरबरचं उदाहरण लक्षात ठेवावं. 2012 मध्ये अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने या झुडपाच्या अर्काला वरची पसंती दिली, आणि यकृताला इजा होण्याच्या भीतीने 2015 मध्ये ती शिफारस मागे घेतली. फीव्हरफ्यू या युरोपीय वनस्पतीच्या शास्त्रीय नावात 'पार्थेनियम' आहे. ते वाचून कुणी बांधावरचं गाजरगवत उपटून आणू नये. ते वेगळं आहे आणि अंगावर चट्टे उठवतं.

मग 2018 उजाडलं. अर्धशिशीच्या वेळी मेंदूकडून येणाऱ्या रक्तात सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढतं, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी 1990 च्या सुमारास दाखवलं होतं. त्याची वाट अडवणारं एरेन्युमॅब हे इंजेक्शन त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत मान्य झालं. कुणाकडून उसनं न घेता, अर्धशिशी टाळण्यासाठीच घडवलेलं. 2021 चा ब्रेन प्राइझ या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मिळाला. किंमत मात्र अजून सामान्य घराला झेपणारी नाही, आणि म्हणून आपल्याकडे उसन्या गोळ्याच पहिल्यांदा लिहिल्या जातात.

त्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने जातात आणि दुखण्याचे दिवस निम्मे झाले तर डॉक्टर औषध लागू पडलं म्हणतात. बहिणीने ते पाकीट पाचव्या महिन्यात उघडलं आणि पेनकिलरवर मर्यादा घातली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, डोकं दुखलेल्या दिवसाला ती लाल पेनाने गोल काढते. जानेवारीत सतरा होते, मेमध्ये आठ. त्यातल्या एकाच चौकोनात संकष्टीही होती. पूर्वी ती चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर असायची. जूनपासून संकष्टीला दुपारी बारा वाजता खिचडी खाते.