रिपोर्टवरचा उजवा रकाना

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, मग उजवीकडच्या रकान्यावर. त्या रकान्याला आपण अजूनही ‘नॉर्मल रेंज’च म्हणतो. हा शब्द टाकून द्या, असं दोन फिनिश संशोधकांनी 1969मध्येच सुचवलं होतं. मुळात नॉर्मल कोणाला म्हणायचं, हेच कुठे ठरलेलं नव्हतं. म्हणून ज्यांचं रक्त घेतलं त्यांचं वर्णन द्या आणि आकड्यांना ‘संदर्भ मूल्यं’ म्हणा, हा त्यांचा आग्रह.

पुढे रीत बसली ती अशी: किमान 120 निरोगी माणसं घ्यायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे. म्हणजे शंभरातले पाच धडधाकट लोक रेंजबाहेर जाणार, हे गृहीतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्याही रिपोर्टवर ‘रेंजबाहेर’ची खूण म्हणून एखादा तारा उमटण्याची शक्यता 64 टक्के. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातीत हे कोणी छापत नाही.

120 माणसं जमवणं लहान लॅबला परवडत नाही. मग तपासणीच्या तयार किटमध्ये येणाऱ्या कागदावरची रेंज घ्यायची, 20 निरोगी लोकांचे सॅम्पल लावायचे, दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर तीच छापायची. नियमात बसतं. कागदावरची माणसं कुठल्या देशातली, हे मात्र रिपोर्टवर येत नाही.

खरा घोळ झाला तो याच रकान्यात कटऑफ, म्हणजे तज्ज्ञांनी ठरवलेल्या सीमारेषा, शिरले तेव्हा. उपाशीपोटी साखरेचा 126 हा आकडा निरोगी लोक मोजून आलेला नाही. मधुमेह कुठून म्हणायचा, हे 1997मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं, त्याआधी तो 140 होता. ड जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. 2010च्या अखेरीस एका अमेरिकी समितीने 20 पुरेसे म्हटले. पुढच्याच वर्षी तिथल्याच एका वैद्यकीय संघटनेने 30चा आग्रह धरला. रक्त तेच, पण 24 आकडा असलेला माणूस एकीकडे ठीक आणि दुसरीकडे अपुरा! आपल्याकडच्या बऱ्याच लॅबनी 30 उचलला. उन्हाळ्यात दिवसभर रानात राबणाऱ्याच्याही रिपोर्टवर मग ‘कमी’ येऊ लागलं आणि पाठोपाठ साठ हजार युनिटच्या पुड्या. 2024मध्ये त्या संघटनेने स्वतःच तो 30 मागे घेतला. कित्येक रिपोर्टांवर अजून ‘30 ते 100’ छापून येतंय.